पुदिन्याचा वास

नुसती मान हलवून नाही चालायचं, फोटो हातात घ्या आणि नीट बघा — चष्मा, कपाळावर तीळ, आणि हे असं अर्धवट हसणं, काहीतरी लपवल्यासारखं. माझे मिस्टर आहेत. समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, विम्याच्या कचेरीत. नाही पाहिलं? कधीच नाही? कमाल आहे! त्यांच्या दारातून रस्ता ओलांडला की पहिली तुमचीच पानटपरी, आणि तुम्ही म्हणताय माणूस ओळखीचा नाही. मग दिवसभर इथे बसून बघता तरी काय हो? — नको, मला काही घ्यायचं नाही. मी डबा द्यायला आले होते. म्हणजे डबा आपलं निमित्त. त्यांचा डबा ते सकाळीच घेऊन गेलेत, हा रिकामा आहे. काय करणार, बायकोने नवऱ्याच्या कचेरीत जायचं तर हातात काहीतरी हवं ना! वर गेले तर शिपाई म्हणतो, साहेब आत्ताच खाली गेले. खाली आले तर वॉचमन म्हणतो, आत्ताच वर गेले. परत चढले. मी जिन्यात असले की हे लिफ्टमध्ये. सगळे सामील आहेत, मला काय कळत नाही? कुठंतरी पाणी मुरतंय, भाऊ.

थांबा, जरा टेकते तुमच्या या फळीला. जिना फार उभा आहे मेला.

तर ऐका. ह्यांना ॲटॅक येऊन गेलाय. गेल्या वर्षी, चांगला मोठा. आंघोळीला म्हणून गेले आणि दारातच बसले — घामाने न्हालेले, चेहरा राखेसारखा. हृदयात दोन ठिकाणी स्प्रिंग बसवलीय. डॉक्टरांनी मला समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली: मीठ कमी, तळलेलं बंद, रोज चालायचं, पण धावपळ नाही, एकदम पळायचं तर अजिबातच नाही. आणि सिगरेट? एकसुद्धा नाही. अर्धीसुद्धा नाही. तेव्हापासून मी डोळ्यात तेल घालून त्यांना सांभाळतेय. घरात मिठाची बरणी कुठे आहे ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही! गोळ्या माझ्या हातून, एकही चुकलेली नाही. झोपेत श्वास जरा हलका झाला की मी उठून छातीवर हात ठेवून बघते. आणि एवढं करून हा माणूस संध्याकाळी घरी येतो तेव्हा तोंडाला वास कसला? पुदिन्याचा! जन्मात कधी गोळी चघळली नाही, आणि आता एकदम पुदिना? कशाला लागतो हो माणसाला पुदिना? काहीतरी झाकायलाच ना? — ही बघा, ही बरणी. हिरव्या कागदातल्या गोळ्या. तुमच्याकडेच आहेत की! नाही नाही, सगळीकडे मिळतात, ठाऊक आहे मला. तुम्ही आपली मिठाची गुळणी धरून बसा.

काय? घाम? मग येणारच घाम, उन्हातून आलेय. — ढग आहेत? असू देत, मला उकडतंय. माझं काय बघताय, मी ठणठणीत आहे. दाढ दुखतेय तेवढी. कालपासून ठणकतेय, पार कानापर्यंत, आणि मागे पाठीत कुणी दोरी आवळल्यासारखं होतंय. भांडी घासताना अवघडली असेल. मळमळ म्हणाल तर काल रात्रीचं तळलेलं संपवलं, त्याचं. आता बघा, मुलांना आणि सासूबाईंना ह्यांच्यासारखं अळणी कसं घालू? मग दोन-दोन स्वयंपाक होतात. उरलेलं तळण ह्यांच्या नजरेला पडायला नको, आणि टाकवतही नाही, म्हणून मी उभ्या उभ्या संपवून टाकते. डॉक्टर म्हणालेच होते, सगळं घर एकच जेवा, आणि तुम्हीही एकदा तपासून घ्या. मला कशाला तपासायचं? आमच्या घरात कुणाला हृदयाचं काही नाही. आई तर माझ्याएवढी असतानाच गेली, पण झोपेत गेली, आजार नाही की काही नाही. आदल्या दिवशी नुसती दाढ दुख— नुसती दमले म्हणत होती.

बीपीची गोळी घेते की. आठवली की घेते.

नको, स्टूल नको. पाणी द्या घोटभर. — आणि असं बघू नका हो माझ्याकडे! ॲटॅक काय असतो ते मी जवळून बघितलंय. छातीत दुखतं, डावा हात जातो. माझ्या छातीत कुठे दुखतंय? दाढेचा ॲटॅक कधी कुणाला आलाय का? तुम्ही विषय बदलताय. माणूस अडचणीत आला की असंच करतो, हेही असंच करतात, मी सिगरेटचं विचारलं की म्हणतात, तू दमलेली दिसतेस, जरा बस. बस म्हणे! मी बसले तर तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार? मला एकटीला टाकून गेलात तर मी काय करू? — हे मी त्यांना म्हणाले होते. तुम्हाला नाही.

अहो, फोन कुणाला लावताय? ठेवा तो. मी चांगली उभी आहे… बरं, बसले. बसले ना? आता ठेवा.

थांबा. काय म्हणालात आत्ता फोनवर? “साहेब, लवकर खाली या, वहिनींना बरं वाटत नाहीये.” वहिनी? मी कधी झाले तुमची वहिनी? आणि साहेब कोण? हा माणूस कधी पाहिलाच नव्हता ना तुम्ही? मग नंबर कुठून आला तुमच्या फोनमध्ये? सापडलात! देवाशप्पथ, मला माहीतच होतं! किती ओढतात रोज? खरं सांगा, मी रडणार नाही. एक? जेवण झाल्यावर एक? आणि वर पुदिना तुम्हीच देता, हो ना? मेल्यांनो, मी तिथे चिमूट चिमूट मीठ मोजतेय आणि तुम्ही दोघं इथे —

पर्स? पर्स कशाला उघडताय? ह्यांनी सांगितलं फोनवर? हो, ती गोळी जिभेखाली ठेवायचीच आहे, पण ती ह्यांची आहे. एकच उरलीय. मी घेतली आणि ह्यांना लागली तर? नाही. तोंड उघडणार नाही मी. द्या इकडे. मुठीतच ठेवते.

हात का असा जड झालाय हो… पाण्याचा पेला पडला तुमचा. राहू दे.

आले? कुठायत? हो, तेच. दारातून बाहेर आले — अहो, हे काय, हे पळतायत! भाऊ, ओरडा, त्यांना सांगा, त्यांना पळायचं नाहीये, डॉक्टरांनी सांगितलंय, हळू, म्हणावं मी बसलेय इथे, मी कुठे जात नाहीये, हळू चालत —