आधी भोक, मग खांब

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मास्तर, त्यांना आपल्या घरी न्यायला आलेली त्यांची लेक आणि जावई, आणि आमच्या छोट्या बोटी बनवणाऱ्या मंडळाच्या तमाम बंधू-भगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आहे आणि त्याला उत्तर देता येत नाही, अशा परिस्थितीत बोलायची मला सवय. तेव्हा सांभाळून घ्या.

भाषण मी लिहून आणलं होतं. चांगलं होतं. त्यात 'दीपस्तंभ' हा शब्द दोनदा होता. पण मघाशी अध्यक्षांनी टेबलावरच्या या बोटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा कठडा बघा. अशी भोकं पाडणारा हात या शहरात एकच." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तो कागद खिशातच राहू दे.

खरं सांगू? बावीस वर्षं मी या माणसावर जळतो आहे.

हसू नका. मास्तरांनी आयुष्यभर टपाल कचेरीत काय केलं? शिक्के मारले. धाडधाड. आणि मी? मी रोज दहा ते सात लोकांच्या दातांना भोकं पाडतो, त्यावर माझं घर चालतं. मग सांगा, नाजूक हात कुणाचा असायला हवा? पण मंडळाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मास्तरांना आणि मला उत्तेजनार्थ. बावीस वर्षं उत्तेजनार्थ घेऊन माणसाला उत्तेजन तरी किती मिळणार? आमच्या सौभाग्यवती बक्षीस समारंभाच्या दिवशी भाजीत मीठ कमी घालतात. म्हणतात, आज तुम्हाला कशालाच चव लागायची नाही.

पाहुण्यांसाठी सांगतो, भानगड काय ती. या बोटीला चारी बाजूंनी कठडा आहे. कठड्याला बेचाळीस पितळी खांब. खांब काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. त्या प्रत्येक खांबाला, एकाखाली एक, अर्ध्या मिलिमीटरची दोन भोकं, आणि त्यातून तार ओवायची. एक भोक केसभर सरकलं की तार वाकडी, आणि तार वाकडी की सगळी बोट दारू प्यायल्यासारखी दिसते. ड्रिलचं बिट म्हणाल तर सुईहून बारीक. जोर लावला की मोडतं. जोर नाही लावला की गोल खांबावरून घसरतं, आणि मग मोडतं. अर्धं बिट खांबातच अडकतं, म्हणजे खांबही गेला. अशी मोडलेली बिटं मी एका बरणीत साठवली आहेत. एकदा दवाखान्यातलं दातांचं मशीन लावून पाहिलं. खांब सुटला तो कुठे गेला, आजतागायत पत्ता नाही. बाहेर बसलेल्या दोन बाया मात्र आवाज ऐकून घरी निघून गेल्या.

आणि मास्तर? हातानं फिरवायचं एक जुनं गिरमिट. बस्स. पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, कसं करता? ते म्हणाले, "डॉक्टर, आधी भोक, मग खांब." मला वाटलं, हा माणूस कोडं घालतोय. आपल्याला उडवून लावतोय. मी पुन्हा म्हणून विचारलं नाही. विचारणार कसा? जळणाऱ्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो.

आता जे सांगणार आहे, ते सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. अध्यक्षांनीच माझ्यावर ही वेळ आणली.

चार महिन्यांपूर्वी मास्तर माझ्या दवाखान्यात आले. नंबर लावून पेशंटांमध्ये बसले. आत आल्यावर खिशातून एक डबी काढली. म्हणाले, "पस्तीस खांब झालेत. सात राहिलेत. हात ऐकत नाही आता." त्यांचा हात कापतो हे त्यांनीच मंडळात सर्वांना सांगितलं आहे, त्यासाठीच ते लेकीकडे निघाले आहेत, म्हणून मी बोलतो आहे. त्यांनी हात पुढे केला, तो थरथरत होता. आणि मंडळी, मला आधी आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. त्याची लाज मला अजून वाटते.

मी लगेच पितळेची काडी घेतली आणि खांब घडवायला बसलो. मास्तर रुग्णाच्या खुर्चीतून म्हणाले, "अहो, काय करताय? आधी भोक." त्यांनी पितळेची रुंद पट्टी काढली. सुईनं खूण करायची, सपाट पट्टीवर भोक पाडायचं, तिथे बिट घसरत नाही. मग त्या भोकाभोवतीचं पितळ कानशीनं घासत घासत खांब बारीक करायचा. भोक मधोमध येणारच, कारण खांबच त्याच्याभोवती घडवायचा.

मी म्हटलं, "मास्तर, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

खरं होतं. पण आमच्या धंद्यात दात आधी असतो हो, आणि भोक नंतर. आधी भोक पाडून त्याभोवती दात बसवायचा, असं आम्हाला कुणी शिकवलं नाही.

सात खांब मी केले. एकही बिट मोडलं नाही. डबीत घालून दिले. मास्तरांनी लेकीच्या हातून बेचाळीसही बसवून घेतले. डबी घेताना मला म्हणाले होते, "कुणाला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." मी ठरवलं, नाही. त्यांची शेवटची बोट, ती त्यांचीच असू दे. अध्यक्षमहोदय, मी मघापर्यंत पाळलंही. पण 'हात एकच' म्हणालात ना, तिथे माझा बांध फुटला.

आता गंमत ऐका. आज सकाळी इथे हॉल उघडल्यावर मी भिंग लावून ही बोट पाहिली. माझे सात कुठले, मला ओळखता येईनात. आयुष्यभर यांच्यासारखं भोक पाडायला धडपडलो, आणि पाडलं तर ते माझं म्हणून दिसतच नाही. याला काय म्हणायचं? मास्तर, तुम्हाला तरी ओळखता येतात का?

काय म्हणालात? थांबा मंडळी, मागे ऐकू गेलं नसेल. मी सांगतो. मास्तर म्हणताहेत, "येतात. सातही डाव्या बाजूला आहेत. इतकी सरळ ओळ मला कधी साधली नाही. घरी मी ती बाजू भिंतीकडे करून ठेवली होती. बघवत नव्हती."

मास्तर.

नाही, पाणी नको. ठीक आहे मी.

हॉल देणाऱ्यांचे, चहापाणी पाहणाऱ्यांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. एका भल्या माणसाच्या निरोपाला मी आपलंच रडगाणं गायलो, त्यात काही चुकलंमाकलं असेल तर ते पदरात घ्या, पोटात घाला. आणि अध्यक्षमहोदय, एकच विनंती. ती बोट जरा फिरवून ठेवता का? डावी बाजू लोकांकडे.