फुटपाथवर चढवलेल्या गाडीबाबत

मी, हेमा आमोद राजवाडे, वय ५२ वर्षे, व्यवसाय ग्रंथालयात नोकरी, राहणार शुभंकर सोसायटी, सहकारनगर, पुणे. स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी पती आमोद यांच्यासह राहते. ते शाळेत चित्रकला शिकवत. काचबिंदूमुळे चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. ते पांढरी काठी घेऊन चालतात.

आमच्या रस्त्याला पूर्वी धड फुटपाथ नव्हता. रुंद फुटपाथ आणि शेजारी सायकल मार्ग व्हावा म्हणून माझे पती व काही रहिवासी क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालत होते. दुकानापुढे गाड्या लावता येणार नाहीत म्हणून दुकानदारांचा विरोध होता. यंदा काम झाले. अंधांसाठी उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या बसल्या, गाड्या चढू नयेत म्हणून लोखंडी खांब बसले. तेव्हापासून माझे पती बागेपर्यंत एकटे जाऊ लागले. सुरुवातीला मी मागून जात असे. त्यांना ते माहीत नाही.

गेल्या आठवड्यात खराडे फर्निचर या दुकानासमोरचे खांब कोणीतरी कापून नेले. आम्ही कार्यालयात कळवले. 'बघतो' असे उत्तर मिळाले.

काल रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही दोघे भाजी आणायला निघालो. दुकानासमोर पिवळ्या फरश्यांवर टेम्पो उभा होता. पतींची काठी त्यावर आपटली. मी त्यांना टेम्पोच्या कडेने नेत असताना दुकानाचे मालक दिग्विजय खराडे यांनी आपली चारचाकी फुटपाथवर चढवून आमच्यासमोर आणली. आमच्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले.

"काका, बाजूला व्हा. गाडी लावायचीय."

"इथे?" पतींनी विचारले.

"मग काय डोक्यावर ठेवू?"

पती म्हणाले, "ठेवून बघा. फुटपाथ तरी मोकळा राहील."

जमलेल्यांपैकी दोघेतिघे हसले. खराडे यांचा चेहरा बदलला. "दिसत नाही तर घरात बसायचं ना," असे ते म्हणाले व गाडी थोडी पुढे घेतली. पतींनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि काठी समोर टेकवून उभे राहिले. गाडी पुन्हा पुढे आली. लोक मोबाइलवर चित्रण करत होते. मी खराडे यांना ओरडून थांबायला सांगितले. त्यांनी काच वर केली.

मी पतींना म्हणाले, "अहो, बाजूला व्हा."

ते म्हणाले, "हेमा, कुठल्या बाजूला?"

एका बाजूला टेम्पो होता. दुसऱ्या बाजूला सायकल मार्गावरून दुचाकी भरधाव जात होत्या. मागे माणसे दाटली होती. 

खराडे यांनी गाडीचा धक्का देऊन माझ्या पतींना खाली पाडले. गाडी थांबली नाही. त्याच वेळी सायकल मार्गावरून येणाऱ्या एका बाईंनी आपली सायकल गाडीच्या पुढच्या चाकाखाली ढकलली. तेव्हा गाडी थांबली. त्यांचे नाव दीपाली जगदाळे, त्या नर्स आहेत व ड्युटी संपवून घरी जात होत्या. मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांच्या सायकलीचे चाक पूर्ण वाकले आहे. त्यांनीच पतींचा हात ओढणीने बांधला. पतींचे डावे मनगट मोडले असून प्लास्टर घातले आहे.

संध्याकाळी खराडे यांचे वडील भीमराव आमच्या घरी आले. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी माझ्या पतींचे पाय धरले. "मास्तर, पोरगं तापट आहे, केस करू नका," असे म्हणाले. पतींनी त्यांना उठवून खुर्चीत बसवले आणि विचारले, "खांब परत बसवाल?"  भीमराव म्हणाले, "तेवढं सोडून बोला, मास्तर." मी चहा केला होता. तो तसाच राहिला.

आपसात मिटवायचे आहे का, असे मला इथे विचारण्यात आले. नाही. माझी दिग्विजय खराडे यांच्याविरुद्ध तक्रार आहे.

हा जबाब मला व सोबत आलेल्या माझ्या पतींना वाचून दाखवला. त्यात 'पती तोल जाऊन पडले' असे लिहिले होते. पती म्हणाले, "पडलो नाही. पाडलं." तशी दुरुस्ती केली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.