इरम्माचा डावा डोळा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय तहसीलदारसाहेब, व्यासपीठावरची थोर मंडळी, उद्या बदलीवर हैदराबादला निघालेले आपले सर्जन डॉक्टर राघवेंद्ररावसाहेब, आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी रेवणप्पा, इथला कंपाउंडर. दोन गोड शब्द बोल, असं मला सांगितलंय. बोलतो. या भागात पोट उघडून माणूस जिवंत घरी धाडणारे पहिले डॉक्टर म्हणजे साहेबच. परंड्याहून, सोनारीहून लोक बैलगाडीत निजून यायचे अन् पायांनी चालत जायचे. यात खोटं काय? काही न्हाय. झालं, गोड संपलं. टाळ्या राहू द्या हो, महालिंगप्पा!

तेराशे पन्नास फसली सालात, म्हणजे तीन वर्षांमागं, साहेबांनी एका दिवसात तीस मोतीबिंदू काढायचा चंग बांधला. हैदराबादचे बडे साहेब बघायला उभे. सत्ताविसावी आली नळदुर्गची इरम्मा. तिला कन्नडशिवाय दुसरं काही येत नाही. मोतीबिंदू डाव्या डोळ्यात, अन् साहेबांनी घाईघाईत धरला उजवा. ती ओरडली, "येडा! येडा!" कन्नडात येडा म्हणजे डावा. डावा डोळा हो, डावा, असं सांगत होती बिचारी! साहेबांना वाटलं, बड्या साहेबांपुढं ही आपल्यालाच येडा म्हणते. असे भडकले म्हणता! मी तोंड उघडलं तर, "चूप, रेवणप्पा!" अन् मी चूप बसलो. लई लाज वाटते मला त्याची.

बाई हलली, सुरीचं पातं सरकलं. ज्या डोळ्यानं ती ज्वारी निवडायची तोच गेला. संध्याकाळी मी साहेबांना अर्थ सांगितला. तेव्हा त्यांनी काय करावं? रजिस्टरात लिहिलं, "मरीजा पागल. पुन्हा टेबलावर घेऊ नये." खाली सही. माझ्यादेखत! याला काय म्हणायचं, तहसीलदारसाहेब?

त्यानंतर इरम्मा तीनदा आली. दर वेळी ते पान दाखवून तिला परत धाडलं. नवे डॉक्टर परवा म्हणाले, "डाव्या डोळ्यानं अजून दिसू शकेल. पण हा शेरा लिहिणाऱ्यानंच खोडला पाहिजे, त्याशिवाय मी हात लावणार नाही."

म्हणून रजिस्टर इथं आणलंय. दौत आहे, टाक आहे. उठू नका साहेब, तुमची गाडी उद्या आहे. इरम्मा पहिल्या रांगेत भावाचा, शिवप्पाचा, हात धरून बसलीय. तुम्ही खोडलं की नाही ते तिला दिसायचं नाही. तेव्हा लिहाल ते मोठ्यानं वाचा. "बाई शहाणी आहे, चूक माझी." कन्नडात मी सांगतो तिला.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, सगळ्यांचे आभार. जीभ कुठं घसरली असेल तर सभेनं मला माफ करावं. साहेबांची माफी मात्र मी मागणार नाही. आज ती पाळी त्यांची आहे.

घ्या साहेब, टाक धरा.