चार मॉक ड्रिल आणि माझी सही

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या बियाणे कंपनीचे चेअरमन आदरणीय कृष्णराज आबा, मंचावरचे सन्माननीय संचालक, तेर आणि आसपासच्या गावांतून आलेले बीजोत्पादक शेतकरी, माझे सहकारी, आणि पार मागं दाराजवळ बसलेल्या शिवकन्याताई. ताई, पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत. पण तुम्हाला कुणी पुढं बोलावणार नाही, ठाऊक आहे मला.

आताच माझ्याबद्दल सांगण्यात आलं की बलभीमरावांनी कंपनीचा संगणक विभाग उभा केला. निरोपाच्या दिवशी असं बोलावंच लागतं. पण एप्रिलात सर्व्हर जळाला तेव्हा हा विभाग कुठं होता हो? बॅकअप उघडला, तर आत काहीच न्हाय! पोत्यांवर नुसते नंबर. कुठलं पोतं कुणाच्या शेतातलं, उगवण किती, सगळं त्या मशीनमध्ये. मग काय, नोंदीशिवाय बियाणं म्हणून विकता येईना; बियाण्यासाठी राखलेलं सोन्यासारखं सोयाबीन तेलमिलला गेलं.

आपत्ती आली तर संगणक पुन्हा कसे सुरू करायचे, याची योजना मीच लिहिली होती. चोवीस पानं, स्पायरल बाइंडिंग. दरवर्षी मुख्य मशीन बंद करायचं आणि बॅकअपवर काम चालवून बघायचं, म्हणजे मॉक ड्रिल करायचं, असं त्यात स्पष्ट आहे. आपण काय केलं? मंडप घातला! पाहुणे बोलावले, शाल-नारळ दिला. आमच्या ऑपरेटर शिवकन्याताई दरवर्षी म्हणायच्या, "सर, एकदा खरंच बंद करून बघू की." आणि आबा, तुम्ही म्हणालात, "पाहुण्यांसमोर मशीन बंद पाडता व्हय? अपशकुन कशाला?" मी मान डोलावली. चालू मशीनचंच बटण पाहुण्यांनी दाबलं, टाळ्या झाल्या, जेवणं लई झकास झाली. अशी चार वर्षं. दरवेळी 'ड्रिल यशस्वी' म्हणून अहवालावर सही माझी.

घड्याळ बघू नका आबा, थोडंच राहिलंय.

बॅकअप तपासू द्या, असं ताईंनी लेखीसुद्धा दिलं होतं. तो अर्ज मी दाबून ठेवला. आणि चौकशीत जबाब काय दिला? ऑपरेटरचा निष्काळजीपणा! निवृत्ती सुखानं पार पडावी, दुसरं काय. त्या जबाबावर येत्या सोमवारी ताईंना कामावरून काढायचा ठराव आहे. त्यांच्या आई सारजाबाई, त्यांचंही बियाणं त्याच पोत्यांत गेलं, मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "साहेब, माझ्या लेकीनं मशीन जाळलं व्हय?" मी म्हणालो, चौकशी चालू आहे. थू माझ्या जिंदगानीवर!

हा नवा जबाब. सोबत ताईंचा तो अर्ज. चारही अहवाल खोटे आहेत, असं मी लिहून दिलंय. इरशादभाई, तुम्ही मंचाजवळच उभे आहात, जरा अध्यक्षांच्या हातात द्या. आबा, तुमचं नावही आहे त्यात.

इतकी वर्षं मला सांभाळलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर लहानथोरांनी पोटात घालावं. तो कागद मात्र घडी करून खिशात घालू नका आबा, इथंच वाचून दाखवा.

शिवकन्याताई, मी तुमची माफी मागतो. तुम्ही नाही केलंत माफ, तरी माझी तक्रार नाही.