भिंगरी दिसेपर्यंत

त्या दिवशी मार्च नुकताच लागला होता, पण जोगेश्वरीत ऊन असं की चाळीचे पत्रे सकाळीच तापले होते. माझा दिनू ग्रीक लोकांच्या बोटीवर खलाशी. सुट्टी संपवून निघताना त्यानं माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. म्हणाला, "बाबा, वसंत आला की तिकडे सगळे हा बांधतात. म्हणजे ऊन बाधत नाही. पहिली भिंगरी दिसली की मगच सोडायचा. मीपण बांधलाय."

"नाही सोडणार," मी म्हटलं.

मग रोज ओट्यावर बसून मी विजेच्या तारांकडे बघायचो. कात्रीसारख्या शेपटीचं ते पाखरू काही दिसेना. मे उजाडला. दोरा मळून लाल कुठला, पांढरा कुठला ते कळेना. बायको म्हणाली, "काढा आता ती चिंधी." मी ऐकलं नाही. दिनूची काही खबर नव्हती, आणि दोरा सोडला तर त्याचं काही वाईट होईल असं मनात बसलेलं.

एकदा शेजारच्या परबानं विचारलं, "तात्या, रोज वर काय बघतोस रे?" मी सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग माझ्या शेजारी ओट्यावर बसला.

"अरे, भिंगऱ्या आपल्याकडे थंडीत असतात. उन्हाळा लागला की तिकडेच जातात. तुझ्या पोराला कधीच दिसल्या असतील, त्यानं सोडलाही असेल. तू कशाला तारा बघतोस? तू आपला दिनू दिसला की सोड."