'गुओमिन' म्हणजे काय

अगं, इस्रायलमध्ये अश्केलोनच्या दवाखान्यात मी नर्स होते ना, तिथे बांधकामावरचे चिनी मजूर यायचे. म्हणून मी घरी इंटरनेटवर चिनी ऐकायचा सराव सुरू केला. वाक्य ऐकायचं आणि बरोबर उत्तर निवडायचं. मुलगी हसायची, "इमा, या वयात?" इमा म्हणजे हिब्रूत आई.

एकदा एक मजूर हात कापून आला. डॉक्टर म्हणाले, "पेनिसिलिनचं इंजेक्शन दे." ते नाव ऐकताच तो चिनीत ओरडायला लागला.

"सुईला घाबरतोय, धर त्याला!" डॉक्टर म्हणाले.

पण मला एक शब्द ओळखू आला, 'गुओमिन'. सरावात तो माझा दहादा चुकला होता, म्हणून पक्का लक्षात राहिला होता.

"थांबा डॉक्टर! ॲलर्जी आहे म्हणतोय!"

मी बाटली दाखवून विचारलं, "गुओमिन?" त्याने जोरजोरात मान डोलावली आणि माझा हातच धरला.

डॉक्टरांनी लगेच औषध बदललं. मग म्हणाले, "तुला चिनी बोलता येतं?"

म्हटलं, "बोलता नाही येत, पण मी ऐकून घेते!"