शनिवारचा कचरा

निसर्ग उद्यानाचा रखवालदार शनिवारी संध्याकाळी कामावर निघाला होता. बसच्या रांगेत त्याच्या पुढे दोघी जणी उभ्या होत्या. एकीच्या हातात टम्म फुगलेली पिशवी होती.

“एवढं काय गं त्यात?”

“कचरा. उद्यानात टाकायचाय.”

“का? तुमच्याकडे कचऱ्याची गाडी येत नाही?”

“येते की. पण उद्या रविवार. आमचे सासरे स्वयंसेवकांबरोबर उद्यान साफ करायला जातात.”

“आणि आदल्या दिवशी तू घाण करतेस?”

“मग काय करू? मागे एका रविवारी तिथं कागदाचा कपटासुद्धा सापडला नाही. हिरमुसून घरी आले आणि माझं स्वयंपाकघर साफ करायला घेतलं! निम्मे डबे जुने म्हणून फेकून दिले.”

“अगं बाई!”

“तेव्हापासून आठवडाभर रिकाम्या पिशव्या साठवते. धुऊन, वाळवून. त्यांचे हात खराब व्हायला नकोत.”

“कुणी पाहिलं तर?”

“पाहतात ना! सगळे आपल्यातलेच. गेल्या शनिवारी दोन सुना आणि एक जावई भेटला. जावयानं तर ट्रकचा टायर आणला होता. सासरा पैलवान आहे म्हणे.”

“आणि तो रखवालदार?”

“तो मेला काठी घेऊन टपलेलाच असतो. त्याच्या घरी कुणी रिटायर झालेलं नसणार!”

रखवालदार खाकरला.

“वडील आहेत, ताई. काल त्यांनी माझी शिट्टी जुनी म्हणून फेकून दिली. उद्यापासून त्यांनाही पाठवतो. जरा जास्त टाका.”